फ्लॉपीतला तिसरा अंक

"वाचता येत नाही," संगणकाने पडद्यावर पुन्हा कळवलं. काकूंनी फ्लॉपी बाहेर काढली, तिची पत्र्याची झडप सरकवून फुंकर मारली आणि परत आत ढकलली. घरघर, खटखट. वाचता येत नाही!

संध्याकाळी नाटकमंडळी तालमीला येणार होती. पहिले दोन अंक छापून वाटून झाले होते. तिसरा फक्त या फ्लॉपीत होता. त्यात नायिका काय करते, हे काकूंखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

"अगं, आठवून लिही की पुन्हा," काका म्हणाले.

"आठवून लिहिलेला अंक म्हणजे गरम केलेला शिळा चहा. मी हाच बाहेर काढणार."

काकू इरेला पेटल्या. वायर हलवून पाहिली. ड्राइव्ह कापसाने पुसला. मग कोरी फ्लॉपी घालून दोन ओळी लिहिल्या. त्या झटकन वाचल्या गेल्या! जुन्या फ्लॉप्या मात्र एकजात मुक्या. काकूंची नजर सावकाश काकांकडे वळली.

काका हाडाचे सुतार. तिरकं काही दिसलं की हात शिवशिवायचे. पाहुणा मान कलती करून बसला, तर त्याच्या टाळूवर सपाटी तपासायची पाणसळ ठेवायलाही कमी करायचे नाहीत. झोपेत कूस बदलायचे तीही काटकोनात.

"अहो, ड्राइव्हच्या आत कशाला हात लावलात?"

"छे! खरखरत होता, म्हणून उघडला. फ्लॉपी वाचणारं डोकं जरा तिरकं बसलं होतं, ते सरळ केलं. बघ कसं लंबात आहे!"

"ते तिरकं असतानाच मी सगळं लिहिलंय ना! सरळ झाल्यावर त्याला माझं लिहिलेलं सापडणार कसं? करा पहिल्यासारखं."

"मुद्दाम तिरकं? मी?"

काकूंनी नुसता स्क्रूड्रायव्हर पुढे केला. काकांनी तोंड फिरवलं आणि स्क्रू किंचित पिळला.

"अजून."

अजून पिळला. घरघर थांबली. पडद्यावर तिसरा अंक उलगडला. काका घाम पुसत पाणी प्यायला आत गेले.

काकूंनी शेवटचं पान काढलं. दिसेल ते सरळ करत सुटणाऱ्या नवऱ्याला कायमचा रामराम ठोकून नायिका बॅगेसह दारात उभी होती. काकूंनी आत एकवार पाहिलं. मग नायिकेला दारातून मागे फिरवलं आणि मंडळी यायच्या आत तिच्या बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावले. जरा तिरकेच.