भिवाजी काय करून राहिले?

लोधीखेड्यात सुचिता मॅडमनं बायांसाठी इंग्रजी बोलायचा क्लास काढला, तेव्हा साठीच्या देवकाबाईनं सगळ्यांत आधी नाव दिलं. बंगलोरच्या नातवाशी फोनवर दोन शब्द बोलता यावेत, एवढीच तिची हौस. पहिलाच गृहपाठ मिळाला: घरातलं माणूस आत्ता, या घडीला काय करतंय ते पाहायचं अन् इंग्रजीत पाच ओळी लिहून आणायच्या.

सकाळी ती वही घेऊन ओट्यावर नवऱ्यासमोर बसली. रिटायर झाल्यापासून भिवाजी खुर्चीला जे चिकटले होते, ते जेवणापुरतेच सुटायचे.

“काय लिहून राहिली वं?”

“तुमचंच. ‘ही इज सिटिंग.’”

“अन् हे खालचं?”

“तेबी सिटिंगच. पाचही ओळी सिटिंगच झाल्या.”

भिवाजी चपापले. “अन् हे क्लासात साऱ्या बायांसमोर वाचशीन?”

“हाव. मोठ्यानं वाचा लागते.”

भिवाजी ताडकन उठले. अंगण झाडलं, नळाचं पाणी भरलं, दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या. मग लसूण सोलता सोलता हळूच विचारलं, “हे लिहिलं काय?”

“लिहून राहिली नं! तुम्ही थांबू नका,” म्हणत देवकाबाईनं पान उलटलं.

 

क्लास संपून आता चार महिने झाले. देवकाबाई अजूनही रोज सकाळी वही घेऊन ओट्यावर बसते.