चौथी ट्यूब

"अजून एकदा ठोका न, काका," अनुप म्हणाला.

यादोरावकाकांनी पेन्सिलीचं मागचं टोक अनुपच्या गिटारच्या अॅम्प्लिफायरमधल्या पहिल्या काचेच्या ट्यूबवर ठोकलं. स्पीकरमधून टण्ण आवाज आला. दुसरी, टण्ण. तिसरी, टण्ण. चौथीवर ठोकलं, तर काहीच नाही.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "गेली गा हे."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे गेली. मानूस जाते तशी."

वरठी स्टेशनाजवळच्या त्या रिपेअरिंगच्या दुकानात साडेअकरा वाजले होते. तीन वाजता धर्मेंद्रभाऊंच्या नाटक मंडळीत गिटारवाला निवडायचा होता. जागा एक, उमेदवार दोन. भाऊंना नाटकात जुन्या ट्यूबवाल्या अॅम्प्लिफायरचाच आवाज लागायचा. नव्या मशीनला ते मिक्सर म्हणायचे.

अनुपचा हा तिसरा प्रयत्न. पहिल्या वर्षी तार तुटली. दुसऱ्या वर्षी ऐन रंगात आला असताना मशीनमधून रेडिओवरचा धानाच्या तुडतुड्यावरचा सल्ला ऐकू आला. भाऊंनी बजावलं होतं, चौथ्यांदा तोंड दाखवायचं नाही. अन् बायको रीनानं तर गिटारच्या तारांवर बाळाचे लंगोट वाळत घालायची तारीख ठरवून टाकली होती.

"नवीन टाका न, काका."

"नागपूरवरून बोलवा लागंन. आठ दिवस."

"काका, मी रडून देईन."

"रड. पण मशीनवर नोको रडू, शॉक लागंन."

बाजूच्या टेबलावर दुसरी मशीन तापत ठेवली होती. हुबेहूब अशीच. एकाच बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातली जोडी. ती मनिषची, म्हणजे दुसऱ्या उमेदवाराची. लाखांदूरहून एसटीत मांडीवर घेऊन त्यानं ती सकाळी तपासायला आणली होती. काकांनी तिला ठणठणीत ठरवलं होतं, अन् मनिष समोर तर्री पोहा खायला गेला होता.

काका उठले. "मी दोन घास खाऊन येतो. कशाले हात लावू नोको."

अनुप एकटा उरला. पूर्ण दोन मिनिटं त्यानं कशालाच हात लावला नाही. हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

मग त्यानं मनिषच्या मशीनचं बटण बंद केलं, मागची फळी काढली अन् चौथी ट्यूब उपसली. बोटं भाजली. ट्यूब उडाली ती नेमकी शर्टाच्या खिशात. छातीला चटका बसला. नाचत नाचतच त्यानं ती आपल्या मशीनमध्ये बसवली, अन् मेलेली ट्यूब मनिषच्या मशीनमध्ये. फळ्या लावल्या. गिटार जोडून एक सूर छेडला. दुकानातले स्क्रूचे डबे थरथरले.

काका धावत आले. हाताला वरण तसंच. "चालली?"

"चालली न! तुमच्या ठोकण्यानं."

"मंग!" काकांची छाती फुगली. "मी म्हणलोच होतो. ट्यूबले धाक पायजे."

मनिष परत आला. अनुप त्याच्याकडे बघेना, म्हणून मनिषनंच अनुपकडे बघितलं.

"बोटाले काय झालं बे?"

"चहा सांडला."

"अन् आज वाजवाचं हाय तुले! थांब." मनिष पळत जाऊन मलम घेऊन आला. लावूनही दिलं.

काकांनी विचारलं, "तुही मशीन एकदा पाहू का?"

"राहू द्या काका, सकाळीच ऐकली न आपण." अन् त्यानं दोन्ही मशीनी स्वतः उचलून ऑटोत ठेवल्या. "अनुप, तू हात सांभाळ फक्त."

वाटेत तो म्हणाला, "तुहं झालं तरी मले वाईट नाही वाटणार गड्या. माय रडंन थोडी. चालते."

अनुप सभागृह येईपर्यंत ऑटोवाल्याच्या मानेकडे बघत राहिला.

धर्मेंद्रभाऊ दुपट्टा टाकून समोरच बसले होते. मशीनी मांडल्या, बटणं दाबली. दोन्हींचे लाल दिवे लागले. अनुपनं मनातल्या मनात हिशेब लावला. आता मनिष तार छेडेल, शांतता होईल, मग आपण. बस.

"भाऊ, पहिले मनिषले वाजवू द्या," तो मोठ्या मनानं म्हणाला. "लांबून आला बिचारा."

"थांब जरा." भाऊ उठून मंचावर आले. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, ते दरवर्षी पंच असायचे, अन् कुठलीही गोष्ट त्यांना बैलांवरूनच सुचायची. "मागच्या पटात मी फसलो. दौड मारली बैलायनं, अन् मी हार घातला हाकणाऱ्याले. दुसऱ्या दिवशी त्याच गड्याले परक्या जोडीवर बसवलं, तं थेट धानाच्या बांधीतल्या चिखलात. तवापासून आपला नियम हाय. हाकणारा पाहाचा असंन, तं बैल बदलाचे."

त्यांनी दोन्ही गिटारच्या वायरी उपटल्या, इकडची तिकडे खोचली, तिकडची इकडे, अन् खुर्चीत जाऊन डोळे मिटले.

"हं अनुप, तूच सुरू कर. मनिषच्या मशीनवर."