आधी बघा, मग पैसे

खोक्याभोवतीची लाल दोरी पेन्काने लांबूनच ओळखली. तिनेच बांधली होती ती. कुरियरच्या काउंटरवर एक म्हातारा ती गाठ नखांनी सोडवत बसला होता आणि मागची रांग चुळबुळत होती. रांगेच्या शेवटी पेन्का उभी होती. तिच्या काखेत तशीच आणखी दोन खोकी.

"आजोबा, कापून टाका ना," काउंटरवरची गेरगाना म्हणाली.

"चांगली दोरी आहे, पोरी. घरात लागते. तुला घाई असली तर मागच्यांचं कर."

आमच्याकडे नेटवर मागवलेल्या वस्तूचे पैसे कोणी आधी देत नाही. सख्ख्या भावाला देणार नाहीत, तर अनोळखी दुकानाला कुठून? खोकं कुरियरकडे येतं. गिऱ्हाईक ते काउंटरवरच उघडतं, वस्तू अंगाला लावून बघतं, पटली तर पैसे देतं, नाहीतर तिथेच टाकून घरी जातं. मात्र खोकं असं उघडू द्यायचं की नाही, हे विकणाऱ्याने ठरवायचं. बरेच जण देत नाहीत. पेन्का द्यायची, आणि तोऱ्यात द्यायची. 'हाताने विणलेलं. आधी बघा, मग पैसे,' असं तिने फोनवरच्या आपल्या दुकानात सगळ्यात वर लिहून ठेवलं होतं. आजवर तिची एकही बंडी परत आली नव्हती.

पण या हिवाळ्यात कोणीतरी तिच्या बंडीचा फोटो इकडे तिकडे पाठवला आणि मागण्यांची रीघ लागली. दोन हात पुरणार किती? राजधानी सोफियाच्या घाऊक बाजारातून तिने यंत्रावर विणलेल्या बंड्यांचा गठ्ठा आणला, गळ्याशी असलेलं लेबल उसवलं आणि तिथे आपलं शिवलं. 'पेन्काने हाताने विणलं.' म्हाताऱ्याने आता खोक्यातून काढली ती बंडी त्याच गठ्ठ्यातली होती.

म्हातारा ती उलटीसुलटी करून बघू लागला.

"आपल्याला यातलं काही कळत नाही," तो रांगेकडे वळून म्हणाला. "कळतं ते घरच्या सरकारला. स्तोयनाने जन्मभर विणलं. आता तिची बोटं वळत नाहीत, तर मला धाडलंय. वर दम दिलाय, 'दोब्री, यंत्राचं आणलंस तर ते बाहेर आणि तूही बाहेर.' या थंडीत कुठे जाऊ सांगा मी?"

रांग हसली. सगळे हसले म्हणून पेन्काही हसली.

"दिसतंय तर हातचं. पण हल्ली काय सांगावं? लेबलावर काय, मीसुद्धा लिहीन की मी विणलं म्हणून."

आल्या पावली परत जावं, असं पेन्काच्या मनात आलं. ती वळणार तोच गेरगानाची नजर तिच्यावर पडली.

"अहो, विणणारीच उभी आहे की मागे. पेन्काकाकू, या ना पुढे. यांनीच विणलीय, आजोबा. त्यांनाच विचारा."

लोकांनी सरकून वाट करून दिली. एरवी या रांगेत कोणी कोणाला सुई शिरेल एवढी जागा देत नाही. पेन्का पुढे गेली. तिचे कान तापले होते.

"तूच का ती?" म्हातारा खुलला. "मग मिटलं सगळं. तू तोंडाने सांग, मी घरी तसंच सांगतो. हातची आहे ना?"

अजूनही वेळ गेली नव्हती. 'चुकून भलतीच आली, बदलून देते,' एवढंच म्हणायचं होतं. पण रांगेत शेजारीण होती, बेकरीवाल्याची बायको होती, सगळी ओळखीची तोंडं होती आणि सगळी तिच्याकडेच बघत होती, कौतुकाने.

"हो," पेन्का म्हणाली. "हातचीच."

म्हाताऱ्याने पैसे दिले. मग पेन्काच्या काखेतली खोकी त्याने स्वतःच काउंटरवर ठेवली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"जिते राहोत हे हात. धडधाकट राहोत."

विणणारीला, रांधणारीला आमच्याकडे असाच आशीर्वाद देतात. पेन्काने तो कितीदा तरी घेतला होता आणि दर वेळी ती मनातून फुलली होती. आज मात्र तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात ओढून घ्यावेसे वाटत होते, पण म्हाताऱ्याने ते सोडले नाहीत.

"स्तोयनाचे डोळेही आता अधू झालेत," तो म्हणाला. "पण लोकरीवरून बोट फिरवलं की तिला सगळं कळतं. खोक्यावर तुझा नंबर आहे ना? ती काय म्हणाली ते संध्याकाळी फोन करून सांगतो."

बंडी छातीशी धरून तो बाहेर पडला. दाराशी थांबून त्याने पुन्हा एकदा पेन्काला हात केला.

गेरगानाने पेन्काची दोन्ही खोकी वजनाला लावली.

"नेहमीसारखंच ना, काकू? गिऱ्हाइकाने आधी उघडून बघायचं, मग पैसे?"

पेन्काने हात कोटाच्या खिशात घातले.

"नको. आधी पैसे. त्याशिवाय उघडू देऊ नका."

गेरगानाने मान डोलावली आणि तशी नोंद केली.

"बरोबरच आहे," ती म्हणाली. "तुमच्या मालात बघायचं ते काय?"