तिसरं पुष्प

पहिली खुर्ची स्टेजवर येऊन आदळली तेव्हा भुवनेश्वरीबाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. दुसरी पडद्यावर बसली आणि पडदा टराटरा फाटला. तोंडाला रुमाल बांधलेली पंधरा-वीस पोरं घोषणा देत सभागृहात घुसली होती. कुणाच्या हातात शाईची बाटली, कुणाच्या हातात खुर्चीचा उपटलेला पाय. हजेरीसाठी आणून बसवलेले विद्यार्थी दाराकडं पळाले. विभागप्रमुख तर त्यांच्याही आधी पळाले. एरवी जिना चढताना या माणसाला तीनदा दम लागायचा.

भांडण होतं एका ओवीवरून. विद्यापीठाच्या लोकसाहित्य व्याख्यानमालेत, दुसऱ्या पुष्पाच्या दिवशी बाईंनी एक धनगरी ओवी वाचून दाखवली होती. देव एका धनगरणीच्या वाड्यावर गडी म्हणून राहतो, मेंढरं राखतो आणि एक कोकरू हरवलं म्हणून तिच्या शिव्या खातो, अशी ती ओवी. त्यातला शिव्यांचा तेवढा बारा सेकंदांचा तुकडा कुणीतरी कापून मोबाइलवर फिरवला. पुढं ओळख पटल्यावर ती बाई त्याच देवासमोर ढसाढसा रडते, हे ऐकायला वेळ कुणाला होता? आठ दिवसांत अर्ध्या सोलापूर जिल्ह्याच्या भावना दुखावल्या. म्हणून आज तिसऱ्या पुष्पाला बाईंनी ओवी गाणाऱ्यालाच बोलावलं होतं. येडूबाबा, वय सत्तरीचं, सकाळच्या एसटीनं आलेले. स्टेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घोंगडीवर बसून ते आपल्या पाळीची वाट बघत होते.

शाईची बाटली बाईंच्या खांद्यावर फुटली. निळा ओघळ पदरावरून खाली आला. बाईंना भीती नाही वाटली, संताप आला. वीस वर्षं गावोगाव फिरून गोळा केलेलं हे धन, आणि ते तुडवायला हे निघालेत!

सगळ्यांच्या पुढं एक उंच गडी होता. त्याच्या हातात लोखंडी गज.

"देवाला गडी करती व्हय गं?" तो ओरडला. "कुणी गायलीया असली ओवी? का घरात बसून रचलीस? बाप दाखव न्हायतर श्राद्ध घाल!"

तो आवाज ऐकला आणि येडूबाबा उठले. काठी कोपऱ्यातच राहिली. सावकाश चालत येऊन ते बाईंच्या पुढं उभे राहिले.

"मी गायली," ते म्हणाले.

गज वर गेला होता, तो वरच थांबला. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याचं वय बघून लाज वाटली असेल. मिटलं आता. पण मागची पोरं कालवा करायला लागली, "हाना की अध्यक्ष! बघताय काय?" गजवाल्यानं एकदा मागं पाहिलं, एकदा पुढं पाहिलं. येडूबाबांनी हात आडवा धरला नाही. ते नुसते त्याच्या डोळ्यांत बघत राहिले.

गज खाली आला.

कपाळाचं हाड वाजलेलं बाईंना स्वच्छ ऐकू आलं. म्हातारा गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर कलंडला. गज फरशीवर टाकून तो गडी मागच्या दारानं पळाला. बाकीच्यांनी जाता जाता माइक मोडला, लॅपटॉप आपटला आणि तेही पांगले.

बाईंचा विद्यार्थी शिवानंद तेवढा पळाला नव्हता. त्यानं गज उचलला आणि त्या पोरांच्या मागं धावला. नेमके तेव्हाच पोलीस दारात आले. हातात गज, गजाला रक्त, त्यांना आणखी काय पाहिजे होतं? त्याला दोन थोबाडीत बसल्या. कॉलर धरून पोलिसांनी त्याला खाली बसवलं.

"साहेब, मी तलाठ्याची परीक्षा पास झालोय," शिवानंद रडत होता. "नेमणुकीच्या आधी पोलीस पडताळणी असते. नाव आलं तर गेलं सगळं."

सत्काराला आणलेली चादर बाईंनी येडूबाबांच्या कपाळावर दाबून धरली होती. ती भिजत चालली होती. फौजदार खाली वाकला.

"आजोबा, हाच का तो?"

"ह्यो न्हाय."

"मग कोण?"

येडूबाबांनी तोंड दुसरीकडं वळवलं.

"हा माझा विद्यार्थी, यानं मारलेलं नाही. बाकी सगळ्यांच्या तोंडाला रुमाल होते, मला ओळखता आलं नाही," बाई म्हणाल्या. "पण बाबा, तुम्ही तर त्याच्या डोळ्यांत बघत होता! ओळखलंत ना?"

येडूबाबांनी मान खाली घातली. बाईंचा धीर सुटला. ज्यानं त्यांच्यावरचा घाव स्वतःवर घेतला, त्याच माणसाची त्यांना चीड आली.

"घाबरलात का? हे पोरगं तुमच्यासाठी धावलं, त्याचं आयुष्य मातीत जाईल. आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय!"

बोलून गेल्यावर त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू द्या," फौजदार वैतागून उठला. "दुसरं नाव नसेल तर हा आहेच. घ्या रे ह्याला गाडीत."

दोघांनी शिवानंदच्या काखेत हात घातले. तो फरशीला पाय घासत स्वतःला मागं मागं ओढत होता.

"थांबा," येडूबाबा म्हणाले. "सायेब, एकदा लिवलं की खोडता येत न्हाय न्हवं?"

"नाही."

येडूबाबा शिवानंदच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले.

"मग लिवा. पयलं माजं. येडू म्हाकू रुपनवर, मुक्काम नातेपुतं."

हवालदारानं लिहून घेतलं. "आणि मारणाऱ्याचं?"

"गुंडा येडू रुपनवर."