नाकशेटचा निकाल

मित्रमंडळात सगळे त्याला नाकशेट म्हणायचे. डोळ्यांवर रुमाल बांधून, नुसता ग्लास हुंगून, रेड वाइन कुठली आणि किती जुनी ते तो सांगायचा. दोन महिन्यांपूर्वीच्या तापानंतर त्याला वास येणंच साफ बंद झालं होतं, पण हे त्याने बायकोलाही कळू दिलं नव्हतं. आज बाटल्यांना कागद तिनेच गुंडाळले होते. कुठल्या नंबरला कुठली, ते त्याने दुपारी तिची नजर चुकवून पाहून ठेवलं होतं.

पाचच्या पाच बरोबर आल्या. टाळ्या थांबल्यावर डॉक्टर मित्र म्हणाला, "अरे, मघापासून घाण वास येतोय. गॅस तर नाही ना?"

सगळे नाकशेटकडे बघू लागले. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"गॅस कसला, वेड्या! जुनी रेड उघडली की गंधकाचा वास सुटतोच. तुझं नाक अजून कच्चं आहे."

हशा पिकला. "मलाही क्षणभर तसंच वाटलं बाई," म्हणत त्याची बायको सूप गरम करायला आत गेली.



लायटरचा पहिला खटका फुकट गेला, तशी ती आतून म्हणाली, "आणते हं, एकच मिनिट!"