दिग्दर्शकाची मिशी

"कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या दिग्दर्शकाला मी एका प्रश्नात गार केला," तोफमामा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

वाचनालयाच्या समितीची बैठक आधीच तापली होती. बायकांची बाजू मांडणारा तो सिनेमा परवा शेजारच्या गावात दाखवून झाला होता. उद्या तो वाचनालयाच्या सभागृहात लागायचा होता. सभागृह द्यायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. दुसरी जागा कुठेच मिळत नव्हती. जाहिरातीत दिग्दर्शकाचं नुसतं आडनाव होतं, आणि त्या आडनावाला सकाळपासून शिव्या पडत होत्या. सिनेमावाल्यांकडून आलेली एक बाई दाराजवळ बसली होती. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"आमच्या घरातल्या बायका बिघडवायला निघालाय," अध्यक्ष म्हणाले. "मामा, तुम्ही तर स्वतः पाहून आलात. सांगा."

मामांना तेवढंच हवं होतं. सिनेमात म्हणे बायको नवऱ्याला उलथन्याने बडवते. नवरा शेवटी मांजराच्या ताटलीत जेवतो. बघणारे चपला टाकून पळाले. राहिले एकटे मामा. दिग्दर्शक बोलायला उठला, तसं मामांनी त्याला विचारलं, "तुझ्या घरी भांडी कोण घासतं रे?"

"मग?" दाराजवळच्या बाईने विचारलं.

"मग काय? बोबडी वळली त्याची."

"दिसायला कसा होता हो?"

"धिप्पाड. ही एवढी झुपकेदार मिशी. घामाने पार ओठाला चिकटली होती. पाय धरायला आला माझे. म्हटलं, जा, लग्न कर, अक्कल येईल."

समिती खदाखदा हसली.

"या बाईंचं म्हणणं ऐकायचं का?" चिटणिसांनी विचारलं.

"त्या काय सांगणार? कुणाचा तरी निरोप घेऊन आल्यात," अध्यक्ष म्हणाले. "सिनेमा काढणाऱ्याचीच ही गत, तर यांचं काय घेऊन बसलात. सभागृह द्यायचं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

अध्यक्षांचा हात वर गेला. खजिनदारांचा गेला. मामांनी तर दोन्ही वर केले.

बाई उठली.

"हात खाली घ्यायच्या आधी एक सांगा मामा," ती म्हणाली. "परवा सिनेमा संपल्यावर बोलायला उभी राहिले ती मीच. मग ती मिशी मी कुठे विसरून आले?"