दाराबाहेरचे बूट

'कुश, इयर सिक्स' छापलेली लेबलं मनीषाने तशीच टेबलावर टाकली. दहा वर्षांच्या मुलाच्या शाळेच्या नव्या बुटांत ती चिकटवायची होती, पण मागचं फाटक उघडून एक काळा माणूस बागेत शिरला होता.

चांगला धिप्पाड गडी. डोक्यावर हूड, एक हात जॅकेटच्या आत. आणि बघा तरी, मेला दाराशी वाकून पायातले बूट काढत होता! पावलं वाजू नयेत म्हणून, दुसरं काय? कॉव्हेंट्री शहर सोडून या शांत वस्तीत घर घेतलं ते हे बघायला?

तिने नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

"दार उघडू नकोस," विनय म्हणाला. "हे लोक चौघांनाही आवरत नाहीत. नाइन नाइन नाइन कर."

कुश वर आंघोळीला गेला होता. त्याचा नवा मित्र आयझॅक आता होमवर्कला येणार होता. तिने त्याला अजून पाहिलं नव्हतं, पण काल फोनवर "थँक यू, आंटी" किती गोड म्हणाला होता! गुलामांच्या व्यापारावर दोघांचा प्रोजेक्ट होता. "ऑक्शनमध्ये ते बॉइजचे खांदे बघायचा, मम," कुश सकाळी मोडक्या मराठीत सांगत होता, "आणि बॉइजना मेन म्हणून विकायचा." खाताना असलं नको रे, म्हणून तिने त्याला गप्प केलं होतं.

ते पोर एकटंच चालत येणार, आणि इथे हा दैत्य! तिने पोलिसांना फोन केला.

"वय?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"पंचवीस तरी."

"हातात हत्यार आहे?"

"असणारच. प्लीज लवकर या, इथे लहान मुलं आहेत."

त्याने काचेवर टकटक केलं, तिला बघून हसला. काय निगरगट्ट! "गो अवे!" ती किंचाळली. तो गोंधळून तिथेच उभा राहिला.

दोन पोलीस धावत आले. त्यांनी त्याला जमिनीवर उपडं पाडलं, एकाने पाठीत गुडघा रोवला. जॅकेटमधून चार्टपेपरची गुंडाळी चिखलात पडली. बरी अद्दल घडली! मनीषाचा जीव भांड्यात पडला. आता आयझॅक सुखरूप येईल. तिने दार किलकिलं केलं.

"बूट का काढलेस?" पोलीस ओरडला.

चिखलातून रडका, बारीक आवाज आला. "कुशच्या घरी बाहेर काढतात. त्यानेच सांगितलं."

पोलिसाने एक बूट उचलला, आत बघितलं आणि पाठीवरचा गुडघा काढायला सोबत्याला खूण केली. मग त्याने बूट मनीषासमोर धरला. आत कुणीतरी काळजीने लेबल चिकटवलं होतं: 'आयझॅक, इयर सिक्स'.